भाईदासआबांचा फोटो

सविता अहिरे यांना मोबाईलचा राग नव्हता. मोबाईलवर त्या साक्रीच्या बहिणीशी बोलत, गॅस नोंदवत, विहारातल्या कार्यक्रमाचे फोटो बघत. राग आला तो नवलभाऊंच्या बोलण्याचा.

"ताई, आपल्याकडे वाचक येतात हे जगाला दिसायला पाहिजे," नवलभाऊ कार्यकारी मंडळाच्या बैठकीत म्हणाले. "आजपासून फेसबुकवर वाचनालयाचं पेज. रोज एक फोटो. तुम्ही टाकायचा."

भडगावच्या गिरणातीर वाचनालयात सविताताईंना चोवीस वर्षं झाली होती. पद लेखनिकाचं, काम सगळंच. कुलूप उघडण्यापासून पुस्तकांना पुठ्ठे चढवण्यापर्यंत. नवलभाऊ अध्यक्ष होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं बसस्टँडजवळ खत-बियाण्यांचं दुकान होतं, आणि दुकानाच्या पेजला भरपूर लाईक पडत. पुस्तक मात्र त्यांनी तीन वर्षांत एकदाही घरी नेलं नव्हतं.

"भाऊ, दवाखान्यात आलेल्या माणसाचा फोटो काढतो का आपण?" सविताताईंनी विचारलं.

"दवाखान्याचं वेगळं असतं."

"वेगळं कसं? कोण इथे येतं, काय वाचतं, हे ज्याचं त्याच्यापाशी. एका वाचकाचं कार्ड मी दुसऱ्या वाचकाला कधी दाखवलेलं नाही."

मंडळातले बाकीचे चहा पीत होते. एकाने हसून म्हटलं, "ताईंना शिकायचा कंटाळा आलाय." सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला.

कंटाळा! सविताताई घरी जाईपर्यंत धुमसत होत्या. संगणकावर पुस्तकांची नोंदणी आली तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर असताना त्या जळगावला जाऊन शिकून आल्या होत्या. शिकण्याला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं.

शिकवलं बेबाबाईने. बेबाबाई त्यांच्या शेजारची. वय पंचावन्न, शाळा सातवीपर्यंत. पुढच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे, भिंतीला निळा पडदा, आणि दर बुधवारी दुपारी मोबाईल तिवईवर लावून फेसबुकवर लाईव्ह. तिच्या साड्या पार सुरतपर्यंत जात.

"अवं सविता, घाबरतीस काय? तो काय चावस?" बेबाबाई म्हणाली. "इथं दाब. हाई फोटो. हाई लिखानं. मंग पोस्ट. झायं."

पेज तयार झालं. ते सविताताईंच्या नावावरूनच उघडलं गेलं, कारण नवलभाऊंना तेवढा वेळ नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांनी नव्या पुस्तकांचे, कपाटांचे, वाचनालयाच्या पाटीचे फोटो टाकले. एका फोटोला नऊ लाईक, एकाला चार. चारांत एक बेबाबाईचा आणि एक त्यांचा स्वतःचा, चुकून पडलेला.

दहाव्या दिवशी नवलभाऊंचा फोन आला. "ताई, कपाटं कोण बघतं? माणसं पाहिजेत. माणसं टाका."

"विचारून टाकते."

"विचारत बसलात तर कोणी हो म्हणणार नाही. हॉलचा टाका की एक, सगळे बसलेले. त्यात काय विचारायचं?"

त्यात काय विचारायचं. सविताताईंना ते पटलं नाही, पण हॉलच्या फोटोत कोणा एकाचं नाव येणार नव्हतं. चेहरे लहान दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी दारात उभं राहून वाचन कक्षाचा एक फोटो काढला. सहा माणसं बसली होती. खिडकीतून ऊन आलं होतं. फोटो छान आला. त्यांनी खाली लिहिलं, "सकाळची वेळ, आपले वाचक." आणि टाकला.

त्या सहा जणांत खिडकीजवळ भाईदासआबा बसले होते.

भाईदासआबा गिरणेपलीकडच्या गावचे. वय त्रेसष्ट, घरी सात एकर कपाशी-केळी, दोन मुलगे कर्ते. गावात मान होता. पूर्वी पाच वर्षं शाळा समितीचे अध्यक्ष होते. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून ते पोरांना सांगत, शिका रे, शिकल्याशिवाय काही नही. आबांचं बोलणं घरगुती आणि रोखठोक असे, लोक ऐकून घेत.

आबांना वाचता येत नव्हतं. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आबांना आणि सविताताईंना.

आबा कित्येक वर्षं बाजाराच्या निमित्ताने भडगावात येत आणि तासभर वाचनालयात पेपर घेऊन बसत. सविताताईंना कधी शंका आली नाही. एकदा पेपरवाला आला नव्हता, म्हणून कालचेच अंक टेबलावर होते. बाकी सगळ्यांनी येऊन कुरकुर केली. आबा आदल्या दिवशीही दुसऱ्या कामाने भडगावात येऊन पेपर चाळून गेले होते. त्यांनी तोच अंक उचलला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश उलटला, घडी घालून ठेवला आणि म्हणाले, "आज बरंच काही आलंय पेपरात." सविताताईंनी मान हलवली. त्या दिवसानंतर त्या बघू लागल्या, तेव्हा दिसलं की आबांचे डोळे ओळीवरून चालतच नव्हते. ते फोटोवर थांबत आणि मग आबा पान उलटत.

त्यांनी महिनाभर काही म्हटलं नाही. मग एका दुपारी हॉल रिकामा असताना त्यांनी पेपरच्या आत एक अंकलिपी ठेवली आणि पेपर आबांच्या हातात दिला. आबांनी पेपर उघडला. ग गाढवाचा, घ घराचा. बराच वेळ ते वर बघेनात. सविताताई आपल्या टेबलाशी जाऊन पावत्या लावत बसल्या.

जाताना आबा टेबलापाशी थांबले. "ताई, कोणले सांगू नका."

"मी काय सांगणार? वाचक काय वाचतो ते मी कोणाला सांगत नाही."

तेव्हापासून आठ महिने आबा पेपरच्या आत अंकलिपी धरून बसत. अडलं की टेबलाशी येऊन बोट ठेवत आणि हळू विचारत. बाराखडी झाली, काने-मात्रे झाले, जोडाक्षरं सुरू झाली होती. सविताताईंची आई पन्नाशीत विहारातल्या वर्गात अक्षर शिकली होती. तिथे पन्नास बाया एका सुरात मोठ्याने म्हणत आणि कोणाला कोणाची लाज नव्हती. आबांना तसं जमणारं नव्हतं. अध्यक्षपदी राहून सह्या केलेला माणूस. सहीपुरतं नाव त्यांनी चित्रासारखं पाठ केलं होतं.

फोटो टाकला त्या दिवशी सविताताई जेवायला घरी आल्या तेव्हा त्याला दीडशे लाईक होते. संध्याकाळी सहाशे. खोटं कशाला बोलायचं, त्यांना बरं वाटलं. ऊन छान आलंय म्हणून असेल, असं त्यांना वाटलं.

बेबाबाई दाराचा पडदा बाजूला सारून धावत आली. "सविता, तुना फोटो बठ्ठा लोके पाही राह्यनात. पण हाई काय शे?"

तिने स्क्रीनवर दोन बोटं टेकवून फाकवली. फोटो मोठा होत गेला. खिडकी, ऊन, आबांचा पांढरा सदरा, पेपर, आणि पेपरच्या वरच्या कडेतून बाहेर डोकावणारं पुस्तक. लाल-पिवळं मुखपृष्ठ. त्यावर ठळक अक्षरात अंकलिपी.

फोटो असा मोठा करता येतो हे सविताताईंना माहीत नव्हतं.

त्यांनी खालचे अभिप्राय वाचायला सुरुवात केली. पहिला कोणीतरी लिहिला होता, "खिडकीजवळचे काका काय वाचताय बघा जरा." त्याखाली हसणारे चेहरे. मग एकाने ओळखलं. "अरे हे तर आमच्या गावचे भाईदासआबा!" मग दुसरा, "शाळेचा अध्यक्ष वाचतोय अंकलिपी." त्याला दोनशे ऐंशी हसू. मग काही जणांनी हात जोडले, "वाचनाला वय नसतं, सलाम." मग "पाच वर्षं आमच्या पोरांचं भविष्य कोणाच्या हातात होतं कळलं का." सविताताईंनी मोबाईल बेबाबाईपुढे धरला.

"हे काढायचं कसं?"

"कोपरामा तीन टिंब शेत ना, ते दाब. डिलीट."

त्यांनी दाबलं. फोटो गेला. बेबाबाईने मान हलवली आणि आपल्या मोबाईलवर शोधून दाखवलं. जळगावच्या एका पेजवर तोच फोटो, फक्त आबांपुरता कापलेला, लाल गोल काढलेला. धुळ्याच्या एका पेजवर त्याचा व्हिडिओ झालेला, खाली बासरी वाजत होती आणि अक्षरं सरकत होती, "वय त्रेसष्ट. स्वप्न एक. अक्षर ओळख." पाहणारे एक लाख चाळीस हजार. त्रेसष्ट वय त्यांना कळलं कुठून? गावातल्याच कोणी सांगितलं असणार. स्वप्न एक! यांना कोणी सांगितलं आबांचं स्वप्न? ते आबांशी एक शब्द तरी बोलले होते का?

रात्री नवलभाऊंचा फोन आला. ते खूश होते आणि चिडलेलेही.

"ताई, पोस्ट डिलीट का केली? लोक वाचनालयाचं नाव घेऊन शोधताहेत! अहो, सोन्यासारखी गोष्ट घडली. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी आबांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, पत्रकार बोलावतो."

"भाऊ, आबांना कोणाला कळू द्यायचं नव्हतं."

"आता कळलं ना? मग चांगल्या अर्थाने कळू द्या. प्रेरणा आहे ती."

"तुमच्यासाठी प्रेरणा. त्यांचं काय?"

"तुम्ही फार ताणता," नवलभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

आबा पुढच्या बाजारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. खिडकीजवळची खुर्ची मोकळीच राहू लागली. तिसऱ्या आठवड्यात सविताताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षाने आबांचं गाव गाठलं.

दारात आबांच्या बायको मंजुळाबाई सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ओळखलं नाही. सविताताईंनी नाव सांगितलं तसं सूप बाजूला ठेवलं.

"तुम्हीच का त्या?"

"हो. चूक झाली माझी. आबांना भेटायचं होतं."

"बेचाळीस वर्षं झायी लग्नाले," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो ऐकवत नव्हता. "रोज पेपर वाची दाखाडेत माले. अमुक ठिकाणी पाऊस, तमुक ठिकाणी चोरी. मी ऐकी लेऊ. माले कोणी सांगं? बठ्ठा गावले कयनं, मंग माले कयनं. सून मोबाईल दाखाडी राह्यनी, सासूबाई, मामांजी पाहा."

मंजुळाबाईंनी आत बोट दाखवलं.

आबा मागच्या ओट्यावर खाटेवर बसले होते. मुलाचा मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट स्क्रीनवरून सरकत होतं. ओठ हलत होते. सविताताई जवळ गेल्या तेव्हा त्यांना ऐकू आलं.

"शा... ळे... चा. शाळेचा."

आबांनी वर बघितलं. रागावले नाहीत. त्यांनी मोबाईल पुढे केला आणि सवयीने, जसं टेबलापाशी येऊन करत तसं, बोट ठेवलं. "हाई पुढलं जोडाक्षर शे ताई. दोन-तीन शेत एकमां. नही जमत."

शब्द होता अध्यक्ष. दुसऱ्या पेजवर कोणीतरी तीच ओळ पुन्हा चिकटवली होती.

"आबा, राहू द्या ना ते."

"सांगा ना. बाकी वाचं मी. तीन दिवस लागनात. 'म्हातारा' वाचं. 'लाज' वाचं. 'वा काका' वाचं. हाई एकच ऱ्हायनं."

"अध्यक्ष," सविताताई म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. "माले वाटनंच व्हतं." त्यांनी मोबाईल खाटेवर उपडा ठेवला. "ताई, तुमना हातून झायं, तुम्ही जाणूनबुजून नही कयं, हाई माले समजस. पण मी तुमनाकडे शिकाले ये, मिरवाले नही. शाळाना पोरे माले रस्तावर थांबाडी राह्यनात. 'आबा, ग गाढवाचा' म्हणतस."

"मी काढायला लावते सगळीकडून."

"निघई का?"

सविताताईंना खोटं आश्वासन देता आलं नाही. "माहीत नाही. प्रयत्न करते. आणि कुठे दिसला तर तुम्हाला दुसऱ्याकडून कळायच्या आत मीच सांगेन."

"अनि तो सत्कार. तुमना अध्यक्षना फोन उना व्हता. माले नको."

"होणार नाही," सविताताई म्हणाल्या. ते त्यांच्या हातात नव्हतं, तरी म्हणाल्या.

त्या दिवसापासून सविताताईंनी जे शिकायची आजवर गरज पडली नव्हती ते हट्टाने शिकून घेतलं. पेजवाल्याला निरोप कसा पाठवायचा, पेज कोण चालवतं ते कुठे लिहिलेलं असतं, तक्रार कुठे करायची, तक्रारीत कारण कोणतं निवडायचं. बेबाबाईने तिचा बुधवारचा लाईव्ह एकदा रद्द केला आणि दोघी निळ्या पडद्यासमोर साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून एकेक पेज शोधत राहिल्या. एकूण बावीस ठिकाणी फोटो निघाला. सविताताईंनी बावीस निरोप लिहिले, प्रत्येक वेगळा. खाली नाव, हुद्दा, फोन नंबर.

चौदा जणांनी काढला. काहींनी माफी मागितली. भुसावळच्या एका मास्तरने तर फोन करून सांगितलं, "मॅडम, मी विचारच केला नाही, माझे वडीलही असेच होते." सात जणांनी उत्तरच दिलं नाही. आणि धुळ्याच्या त्या बासरीवाल्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. खाली लिहिलं, "पॉझिटिव्ह आहे मॅडम. लोकांना आवडतंय."

अंगठा बघून सविताताईंच्या डोक्यात तिडीक गेली. आबा सहीपुरतं नाव पाठ करून आयुष्यभर ज्याच्यापासून वाचले, तोच या माणसाने पाठवला होता.

पेजवर दुकानाचा पत्ता होता. देवपूरला फ्लेक्स छपाईचं दुकान. शनिवारी त्या पारोळ्याला गाडी बदलून धुळ्याला उतरल्या आणि विचारत विचारत तिथे पोचल्या. नवीन नावाचा पस्तिशीचा माणूस संगणकापुढे बसला होता. भिंतीला वाढदिवसाचे, भूमिपूजनाचे, दहाव्याचे फलक टेकवून ठेवले होते. दोन गिऱ्हाइकं थांबली होती.

"मी सविता अहिरे. भडगावच्या वाचनालयातून. तुम्ही मला अंगठा पाठवला."

नवीन आधी हसला, मग गडबडला. "अहो मॅडम, एवढ्यासाठी आलात? फोन करायचा."

"फोन तुम्ही तीनदा उचलला नाही."

"बसा ना. पाणी घ्या. बघा, त्यात वाईट काय आहे? मी एकही वाईट शब्द टाकला नाही. लोक रडताहेत बघून."

"कोण रडतंय? ज्यांचा फोटो आहे ते रडताहेत का, ते विचारलंत? त्यांचं स्वप्न तुम्ही लिहिलं. ते तुम्हाला भेटले होते?"

"ते तसं लिहावंच लागतं."

"का लागतं?"

थांबलेल्या गिऱ्हाइकांतला एक आता कान देऊन ऐकत होता. नवीन जरा चिडून म्हणाला, "मॅडम, माझ्यावर कशाला ओरडता? फोटो पहिल्यांदा टाकला कोणी? तुम्हीच ना?"

हा प्रश्न येणार हे सविताताईंना बसमध्येच ठाऊक होतं, तरी तो लागला.

"हो, मी टाकला. न विचारता टाकला. म्हणूनच पदरचं भाडं घालून इथपर्यंत आले. माझं मी काढलं, तुमचं तुम्ही काढा."

"दोन लाखांवर गेलाय तो."

"मग दोन लाखांवरून काढा."

"असं करू," नवीन समजुतीच्या सुरात म्हणाला, "आबांचा एक छोटा व्हिडिओ घेऊ. त्यांच्या तोंडून. त्यांची बाजू येईल."

सविताताईंनी स्टूल ओढलं, दुकानाच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "माझी शेवटची गाडी सहाला आहे. तोवर मला काही काम नाही."

नवीनने अर्धा तास त्यांच्याकडे लक्ष नसल्यासारखं केलं. गिऱ्हाईक येई, स्टुलाला वळसा घालून जाई आणि विचारी, "ह्या कोण?" दर वेळी सविताताई स्वतःच सांगत. "एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो या भाऊंनी न विचारता टाकलाय. काढायची वाट बघतेय." एक बाई आपल्या सासऱ्यांच्या दहाव्याच्या फलकाचा मजकूर द्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं आणि नवीनला म्हणाली, "काढा ना दादा, उद्या आमच्या सासऱ्यांचा फोटो पण असाच टाकाल." आणि मजकुराचा कागद पुन्हा पर्समध्ये ठेवू लागली.

नवीनने माऊस ओढला. "घ्या. काढला. दाखवू?"

"दाखवा. आणि तो दुसऱ्या ठिकाणीही आहे ना, इन्स्टाग्रामवर. तिथलाही."

तो बघत राहिला. दीड महिन्यापूर्वी फोटो मोठा कसा करतात हे या बाईला ठाऊक नव्हतं, हे त्याला कुठे माहीत होतं. त्याने तिथलाही काढला.

सत्काराचं मात्र चालूच होतं. वाचन प्रेरणा दिनाला आठवडा उरला तेव्हा वाचनालयाच्या दारात फलक लागला. मध्ये नवलभाऊ, बाजूला तोच लाल गोल काढलेला आबांचा फोटो, खाली "अक्षरयात्री भाईदासआबा यांचा भव्य सत्कार." सविताताई सकाळी कुलूप उघडायला आल्या आणि पायरीवरच थांबल्या. हा माणूस येणार नाही म्हणाला होता. त्याने स्वतः फोनवर नको म्हटलं होतं. तरी याचं नाव छापायचं, पुन्हा तोच फोटो, दारात!

त्यांनी स्टूल आणलं, फलकाच्या दोऱ्या सोडल्या, घडी घातली आणि फलक कपाटामागे ठेवला. मग टेबलाशी बसून वाचनालयाच्या पेजवर लिहिलं. पेजवरचा पहिला एवढा मोठा मजकूर, ज्याला त्यांना कोणाची मदत लागली नाही.

"ऑगस्ट महिन्यात या पेजवर मी वाचन कक्षाचा एक फोटो टाकला होता. त्यातल्या एकाही वाचकाला मी विचारलं नव्हतं. त्यामुळे एका वाचकाला त्रास झाला. चूक माझी आहे. तो फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढून टाकावा. १५ ऑक्टोबरला कोणाही वाचकाचा सत्कार होणार नाही, कारण त्यांनी नको म्हटलं आहे. यापुढे विचारल्याशिवाय इथे कोणाचा फोटो काढला जाणार नाही. सविता अहिरे, लेखनिक."

तासाभरात नवलभाऊ दुकान सोडून आले.

"ही पोस्ट काढा. आत्ता."

"नाही काढणार."

"मी अध्यक्ष आहे."

"आहात. पण पेज माझ्या नावावरून उघडलंय. तुम्हाला तेव्हा वेळ नव्हता."

"पासवर्ड द्या."

"मंडळाची बैठक घ्या, ठराव करा, लेखी द्या. मग देते. तोवर पोस्ट राहील."

"तुम्हाला कामावरून काढता येतं, माहीत आहे ना?"

"काढा की. चोवीस वर्षांत माझ्याविरुद्ध एक वाचक तक्रार घेऊन आला असेल तर त्याला समोर बसवा आणि काढा." त्यांचा आवाज हॉलमध्ये गेला. पेपर वाचणारे पाच-सहा जण मान वर करून बघू लागले. शांतता राखा या पाटीखाली सविताताई एवढ्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या. "भाऊ, अहो, तो माणूस आठ महिने जिवाच्या कराराने अक्षर शिकला. त्याने पहिल्यांदा स्वतःहून काय वाचलं माहिती आहे? लोकांनी त्याला घातलेल्या शिव्या. तीन दिवस लावून वाचल्या. त्याच्या अंगावर शाल कसली टाकता?"

नवलभाऊंना हे माहीत नव्हतं. हॉलमधले एक निवृत्त पोस्टमन उठून म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे नवलभाऊ. आमचाही फोटो होता त्यात. आम्हाला कोणी विचारलं?" नवलभाऊ निघून गेले.

पंधरा ऑक्टोबरला कार्यक्रम झाला. पुस्तकांचं पूजन झालं, नवलभाऊंचं भाषण झालं, सत्कार झाला नाही. आठवड्याने सविताताईंना मंडळाचं पत्र मिळालं, शिस्तभंगाबद्दल खुलासा मागणारं. त्यांनी दोन ओळींत खुलासा दिला आणि त्याची पोच घेतली. त्यावर पुढे काही आलं नाही. पासवर्डचा ठरावही कोणी मांडला नाही.

आबा वाचनालयात परत आले नाहीत. दिवाळीनंतर एका बाजारी मंजुळाबाई आल्या. पायरीवर चपला काढल्या, टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मना नावनं कार्ड करी द्या."

सविताताईंनी फॉर्म काढला. "आबा कसे आहेत?"

"शेत. येणार नहीत म्हणे इकडे." मंजुळाबाईंनी अंगठ्याचं पॅड बघितलं आणि सविताताईंनी ते सरकवलं तसं परत सरकवून दिलं. "मी सही करसू. चार शिकनू माय, मी चौथी शे. त्यासले वाटे का मी काहीच शिकनी नही. त्यासनं त्यासले, मनं माले." त्यांनी फॉर्मवर सही केली, एकेक अक्षर जपून. "पुस्तक द्या. मोठा अक्षरनं. मी वाची दाखाडसू, ते ऐकतीन. बेचाळीस वर्षं मी ऐकं. आते त्यासनी पाळी."

त्यांचा राग गेलेला नव्हता, हे सविताताईंना दिसत होतं. तो नवऱ्यावरही होता आणि त्यांच्यावरही. त्यांनी मोठ्या टायपाची तीन पुस्तकं काढून समोर ठेवली. मंजुळाबाईंनी तिन्ही उघडून पाहिली, एक घेतलं आणि पिशवीत भाजीखाली नीट ठेवलं.

जानेवारीत फोटो पुन्हा निघाला. कुठल्याशा अनोळखी पेजवर, खाली लिहिलेलं, विदर्भातल्या एका गावची गोष्ट. बेबाबाईने दाखवला. सविताताईंनी शब्द दिल्याप्रमाणे आधी आबांना फोन लावला आणि सांगितलं.

पलीकडे कोणीतरी हाका मारत होतं, ट्रॅक्टर चालू होता. "ऱ्हाऊ द्या ताई," आबा म्हणाले. "आज कापूस वेचाले बाया येल शेत. सांजले बोलसू." आणि त्यांनी फोन ठेवला.

आबांनी राहू द्या म्हटलं होतं. सविताताईंना ते जमलं नाही. त्यांनी चष्मा लावला, त्या पेजचा निरोपाचा चौकोन उघडला आणि लिहायला लागल्या, "नमस्कार. तुम्ही टाकलेला फोटो विदर्भातला नाही आणि तो टाकायला तुम्हाला कोणी परवानगी दिलेली नाही."